दहा घोडे चोरीला गेले त्याची गोष्ट

अँब्रोज टकवेलने आपलं ओळखपत्र स्वतःच छापून घेतलं होतं : 'खाजगी गुप्तहेर. श्रॉपशरचा डोळा.' एकच डोळा का, असं कुणी विचारलं की तो शांतपणे सांगायचा, "दुसरा राखीव ठेवलाय. दोन्ही एकदम उघडले तर जिल्ह्यात गुन्हेगार उरायचा नाही, आणि मग मी दिवसभर करू काय?"

त्याची कीर्ती खोटी होती असं म्हणता यायचं नाही. गावच्या पाद्र्याचा चष्मा हरवला, तेव्हा अँब्रोजने पंधरा दिवस ऑर्गन वाजवणाऱ्यावर पाळत ठेवली. चष्मा पाद्र्याच्या कपाळावर सापडला. पण तोवर ऑर्गन वाजवणारा गाव सोडून गेला होता, आणि अँब्रोजच्या मते निरपराध माणूस असा पळत नसतो.

असा हा महापुरुष डेस्मंड प्यूचा मेहुणा होता. डेस्मंडच्या आयुष्यातल्या आनंदाच्या गोष्टी दोन, बायको ग्वेंडा आणि गाडी. आणि त्या दोघींचं आपसांत पटत नव्हतं.

गाडी म्हणजे चार चाकं, एक इंजिन आणि मधे जेमतेम लाजेपुरता पत्रा. दारं नाहीत, छप्पर नाही. हलकेपणा हाच धर्म असलेल्या पंथातला डेस्मंड हा कडवा भक्त. हँडब्रेकच्या दांड्याला त्याने भोकं पाडली होती. शेजारी बसणाऱ्याला पुढचं दिसायची गरज काय, म्हणून त्या बाजूचा वायपर काढून टाकला होता. गेल्या उन्हाळ्यात त्याने मिशीही काढली. मिशी गेल्यामुळे गाडी किती हलकी झाली ते तो सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला चहा थंड होईस्तोवर सुटका नसायची.

या वसंतात त्याने नवा सायलेन्सर मागवला. जाहिरातीत लिहिलं होतं, 'दहा घोड्यांची ताकद जास्त.' मग आणखी एक मागवला. मग तिसरा. स्वयंपाकघरात तीन धुराडी उभी राहिली आणि ग्वेंडाला ओव्हनपर्यंत जायला वाट उरली नाही, तेव्हा ती म्हणाली, "हे बघ डेस्मंड, रविवारी टेकडीवर तिन्ही लावून बघ. एकानं तरी तुझ्या जुन्या सायलेन्सरपेक्षा लवकर वर पोचून दाखव. नाही जमलं तर गाडी विकायची आणि कॅराव्हॅन घ्यायची, चाकांवरचं घर."

"कॅराव्हॅन?" डेस्मंडचा चेहरा पांढराफटक पडला. "ग्वेंडा, तिच्यात बेसिन असतं ग!"

"दोन बेसिनांची घेऊ. आणि वेळ तू मोजायची नाहीस. गेल्या रविवारी एकटाच गेलास, स्वतःच घड्याळ लावलंस, स्वतःच बंद केलंस. साक्षीदार पाहिजे. आमचा दादा येईल."

दादा आला. गळ्यात ग्वेंडाने दिलेलं सेकंदांचं घड्याळ, खिशात भिंग, बगलेत पोर्क पायची, म्हणजे डुकराचं मांस भरलेल्या जाडजूड कचोऱ्यांची, टोपली. बेवन नावाच्या मेंढपाळाच्या मालकीची हॉबॅरो टेकडी, तिच्यावर चढणारा त्याचा खाजगी रस्ता; रविवारी सकाळी तो गाड्यांना मोकळा असायचा. अँब्रोज शेजारच्या सीटमध्ये उतरला. उतरला म्हणजे बराच वेळ उतरत राहिला. सीट किंचित कण्हली.

"घड्याळ इथेच, गाडीत असलं पाहिजे," तो म्हणाला. "न्याय नेहमी गुन्ह्याच्या शेजारी बसतो."

पहिला सायलेन्सर लावून गाडी भोंग्यासारखी वाजत वर गेली. वर पोचल्यावर अँब्रोजने घड्याळ पाहिलं. जुन्यापेक्षा तीन सेकंद हळू.

"हळू?" डेस्मंड ओरडला. "अहो, दहा घोडे जास्त आहेत यात!"

"होते," अँब्रोज गंभीरपणे म्हणाला. "पायथ्याशी होते, माथ्यावर नाहीत. डेस्मंडा, ही उघड उघड चोरी आहे."

त्याने खाली वाकून सायलेन्सरच्या तोंडाला डोळा लावला. आत काही नव्हतं. डोळ्याभोवती मात्र काजळीचं सुबक वर्तुळ उमटलं. ते त्याला कुणी सांगितलं नाही.

"संशयित क्रमांक एक, नॉरिस," त्याने कागदातून पोर्क पाय सोडवत सुरुवात केली. "क्लबाच्या शर्यतीत दरवर्षी तुझ्या मागे दुसरा येतो. हेतू स्पष्ट. आत्ता कुठाय तो?"

"स्पेनमध्ये. पंधरा दिवस झाले."

"बघ! सरळ माणूस इतक्या लांबून निर्दोष असतो का?"

दुसरा सायलेन्सर हातात घेतला तर पिसासारखा. डेस्मंडने तो बसवला, शिवाय बूट काढून नुसत्या मोज्यांनिशी गाडी चालवायला बसला. अँब्रोज दुसरा पोर्क पाय संपवून शेजारी बसला, कारण त्याच्या म्हणण्यानुसार उपाशी मेंदू संशय घेत नाही. गाडी वर गेली. आधीपेक्षाही हळू.

"मेंढ्या!" खाली परतताच अँब्रोजने भिंग रोखलं. "इंजिनाला हवा लागते, खरं ना? त्या वळणावर पन्नास मेंढ्या उभ्या आहेत. बघ कशा श्वास घेतायत. अधाशासारख्या!"

बेवन पायथ्याच्या फाटकावर हात टेकून उभा होता. "मग काय त्यांनी धरून ठेवायचा?"

"पुढच्या फेरीपुरता."

बेवन चांगला माणूस. त्याने मेंढ्या टेकडीच्या पलीकडे हाकलल्या. डेस्मंडने तिसरा सायलेन्सर चढवला. त्याने पट्टा काढला, खिशातला कंगवा काढला, शेवटी बोटातली लग्नाची अंगठी काढून फाटकाच्या खुंटीला अडकवली. अँब्रोजने तिसरा पोर्क पाय संपवला.

या खेपेला तर गाडीने वळणावर धापच टाकली. माथ्यावर डेस्मंडने स्टीअरिंगवर डोकं ठेवलं. डोळ्यांपुढे दोन बेसिनं फिरत होती.

"आता उकल झाली," अँब्रोज हळूच म्हणाला. "गाडी हळू होत नाहीये, डेस्मंडा. टेकडी वाढतेय."

"वाढली असती तर गवतही वाढलं असतं," वर चालत आलेला बेवन म्हणाला. "मला कळलं असतं."

"कळू नये म्हणूनच ती आतून वाढतेय."

बेवनने बुटाची टाच आपटून जमीन चाचपली.

दोघं गाडी घेऊन खाली आले, मागोमाग बेवनही उतरला, तेव्हा चहाचा थर्मास घेऊन ग्वेंडा फाटकाशी उभी होती. तिच्या तळहातावर अंगठी होती.

"ही खुंटीला का?"

"वजन, ग," डेस्मंड पुटपुटला.

"तीस वर्षं पेलवली, आज जड झाली?"

"बूटही काढलेत मी. अंगठीच तेवढी काढली असं नाही."

ग्वेंडा रागाने गाडीकडे वळली आणि थबकली. गाडी एका बाजूला कलली होती, भरल्या होडीसारखी. कललेल्या बाजूला तिचा भाऊ बसला होता आणि टोपलीच्या तळाशी आणखी एक पोर्क पाय शोधत होता.

"दादा, तू तिन्ही वेळा आत बसला होतास?"

"अर्थात! क्षणभरही जागा सोडली नाही."

"आणि गेल्या रविवारी, जुन्या सायलेन्सरला?"

"तेव्हा मी एकटाच—" डेस्मंड बोलता बोलता थांबला. त्याने हँडब्रेकच्या भोकांकडे पाहिलं. मग मेहुण्याकडे. मग परत भोकांकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक म्हणतात. इथे कळसाच शेजारी बसून गावाला वळसा घालत होता, आणि वर पोर्क पाय खात होता.

"उतर," ग्वेंडा म्हणाली.

अँब्रोजला उतरवायला बेवन आणि डेस्मंड दोघं लागले. सीट सुटकेने टुणकन वर आली. ग्वेंडाने त्याच्या गळ्यातलं घड्याळ काढून घेतलं आणि गाडी पोचताच टोपी हलवायला बेवनला माथ्यावर पाठवलं. डेस्मंड एकटा निघाला. गाडी अशी गेली की पलीकडच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. टोपी हलली. जुन्यापेक्षा दोन सेकंद लवकर!

डेस्मंड खाली आला तो रडवेल्या चेहऱ्याने. "ग्वेंडा, तू गप्प बसली असतीस तर कॅराव्हॅन तुझी होती."

"आणि तू तिच्या बेसिनाला भोकं पाडली असतीस. त्यात भांडी कशी घासू मी?"

अँब्रोज एव्हाना एका दगडावर विचारमग्न बसला होता. काजळीच्या वर्तुळातून त्याचा डोळा चमकत होता.

"तरीच," तो उठत म्हणाला. "सकाळपासून मला जाणवत होतं, गुन्हेगार असामान्य बुद्धीचा आहे. माझ्या प्रत्येक चालीची त्याला आधीच खबर! मला असा चकवणारा माणूस इंग्लंडात एकच असू शकतो." त्याने दोन्ही मनगटं नुकत्याच खाली पोचलेल्या बेवनपुढे धरली. "बांधा. मात्र लिहून घ्या, मी स्वतःला स्वतःच पकडलं. आणि ते वजन देहाचं नव्हे, मेंदूचं."

"दोरी एवढी लांब नाही माझ्याकडे," बेवन म्हणाला, आणि आरोपीला घेऊन चहाच्या थर्मासकडे गेला.

फाटकाशी दोघंच उरली. डेस्मंडने बूट चढवले, अंगठी बोटात घातली. ग्वेंडा गाडीभोवती एक फेरी मारून शेजारच्या सीटसमोर उभी राहिली.

"मी कधी बसलेच नाहीये यात."

डेस्मंडच्या मनात क्षणभर बेरीज सुरू झाली. ती त्याने तिथेच सोडली. "बस ना."

गाडी टेकडी चढली, सावकाश, प्रत्येक वळणावर थोडी रेंगाळत. माथ्यावर वारा होता. ग्वेंडाचे केस पार विस्कटले होते, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"किती वेळ लागला रे?" तिने विचारलं.

"कुणास ठाऊक," डेस्मंड म्हणाला. "घड्याळ खालीच ठेवलं. उगाच वजन."