ढोरांचे डॉक्टर गाडी शिकवतात

“डॉक्टरसाब बायकोले गाडी शिकवून राह्यले, का गाडी गाभण हाये का ते पाहून राह्यले?”

कुंपणापलीकडून आमच्या शेजारच्या रेहानाभाभी आपल्या सासूला विचारत होत्या. मी स्टिअरिंगमागे बसले होते. ऐकूच आलं नाही, असा चेहरा मी केला. तो मला चांगला जमतो. माझा नवरा चालू गाडीच्या बॉनेटवर स्टेथोस्कोप टेकवून, डोळे मिटून उभा होता.

“पोट साफ हाये,” असं म्हणून ते शेजारी येऊन बसले. “सोड आता क्लच.”

ते दर्यापूरच्या सरकारी दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर. गाव त्यांना प्रेमाने ‘ढोरांचे डॉक्टर’ म्हणतं. लग्न झालं तरी मनातल्या मनात मीही त्यांना डॉक्टरच म्हणत असे. मोठ्याने मी काहीच म्हणत नसे.

डॉक्टर कुणालाही काही विचारत नाहीत. पाहतात. घरी पाहुणे आले, तर ‘कसे आहात’ म्हणायच्या आधी त्यांच्या डोळ्यांखालचा रंग पाहतात. एकदा माझ्या काकांकडे बराच वेळ बघून, “पाणी कमी पेऊन राह्यले तुम्ही,” एवढंच म्हणाले आणि आत जाऊन तांब्या घेऊन आले. काकांना अजून तो अपमान वाटतो. डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य होतं, “माह्या पेशंटनं कधी सांगतलं का, का डॉक्टर, पोट दुखते? आपल्यालेच समजा लागते.”

मला बघायला अमरावतीला आले तेव्हाही त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. कुणी छंद विचारले तर काय सांगायचं, याची मी दोन दिवस तयारी केली होती. ती वाया गेली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले, ठेवून परत गेले, संपलं. नंतर सासूबाईंनी मला कौतुकाने सांगितलं, की बाहेर पडल्याबरोबर तो म्हणाला, “चाल मोकळी हाये.” त्यात कौतुकाचं काय, ते समजायला मला वेळ लागला.

गाडी सेकंडहँड होती. ती त्यांनी का घेतली, ते कुणालाच कळेना, कारण खेड्यांतून ते मोटरसायकलनेच फिरत. आणली आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी किल्ली माझ्या हातात दिली. बाजाराचा दिवस सोडला तर बैलबाजाराचं मैदान मोकळं असायचं. बैल बांधायचे खुंटे तेवढे जागच्या जागी असत आणि त्यांच्यामधून मला वळणं घ्यावी लागत.

क्लच शिकवण्याची त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. “बैल कसा उठते? पयले मांगून उठते, मंग समोरून. गाडीची उठबसही तशीच. क्लच हळू सोड. मांगून जरा उचलल्यासारखी वाटली, का थांब. मंग रेस दे.” मी आयुष्यात बैल उठताना नीट पाहिला नव्हता. तेव्हा गाडी बंद करून ते मला दवाखान्यात घेऊन गेले आणि एका बसलेल्या बैलाला माझ्यासाठी तीनदा उठवलं. बैलाच्या मालकाने दुसरीकडे पाहिलं. बैलाने मात्र तिसऱ्या वेळी माझ्याकडे पाहिलं.

पण क्लच जमला.

गाडी बंद पडली, की ती त्यांच्या भाषेत ‘बसली’. झटका बसला, की ‘बिचकली’. गियर करकरला, की ‘दात खाऊन राह्यली’. न्यूट्रलमध्ये ठेवायची तर म्हणायचे, “रवंथ करू दे तिले.” चिडणं त्यांना ठाऊकच नाही. एकदा मी सरळ खुंट्यावर गाडी घातली, तर डॅशबोर्डवर थोपटत म्हणाले, “हो, हो, बाई, काही नाही झालं.” ती बाई म्हणजे गाडी की मी, हे मी विचारलं नाही.

घरी हाच माणूस गप्प असे. जेवायला समोरासमोर बसलो, की मध्ये पेपर. भाजीत मीठ जास्त पडलं तरी बोलायचे नाहीत, पाणी जास्त प्यायचे. त्या वर्षांत कापसाने तालुक्याला पार थकवलं होतं. बाजाराच्या दिवशी बैल विकायला आणणारे पुष्कळ आणि नेणारे थोडे. यातले कितीतरी बैल डॉक्टरांना नावाने माहीत. त्या संध्याकाळी ते ताटावर नुसते बसून राहत. मी आतल्या खोलीत जाऊन बसे. गावातल्या बायका मला शिष्ट समजत. खरं तर त्यांच्यात कुठून बोलायला सुरुवात करायची, तेच मला कळत नसे.

गाडीत शेजारी बसून, दोघंही समोर बघत असलो, की त्यांना बोलणं सुचायचं. टाकळीच्या एका म्हाताऱ्याने विकलेला बैल तीन दिवसांनी आपला आपण घरी परत आला, हे त्यांनी मला दुसऱ्या गियरमध्ये सांगितलं. म्हाताऱ्याने त्याला परत पाठवला का, हे तिसऱ्यात. लहानपणी गोठ्यात झोपायचो, हे एका लांबलचक वळणावर. दिवसभर मी त्या तासाची वाट पाहायचे. आणि जसजशी गाडी चालवता येऊ लागली, तसतशी मला धास्ती वाटू लागली. शिकवणी संपली, की हे बोलणंही संपणार.

लायसन्स आलं. पुढच्या रविवारी ते म्हणाले, चल, मोठ्या रस्त्याने. मी अमरावतीच्या रस्त्याला लागले. ट्रक ओलांडला, म्हशी चुकवल्या, एकदाही गाडी बसली नाही. डॉक्टर त्या दिवशी गाडीतसुद्धा बोलले नाहीत. एका फाट्यावर त्यांनी थांबायला सांगितलं आणि खाली उतरले. मागच्या सीटवर माझी बॅग होती. ती त्यांनी केव्हा भरली, मला माहीत नव्हतं.

“आता तू जाय अमरावतीले, आईकडे,” ते खिडकीत वाकून म्हणाले. “मी जीपनं घरी जातो. गाडी तुह्यासाठीच घेतली होती.”

मी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली.

“बाजारातून आणलेली कालवड नव्या गोठ्यात चाऱ्याले तोंड लावत नाही. तिले बांधून फायदा नसते. मोकळी सोडा लागते. तुहे डोये रोज सकाळी सुजून राह्यते, मी पाहतो ना. रोज जाय, नाहीतर तिथंच राह्यजो. मनानं आली तर येजो.”

एवढं बोलून ते रस्ता ओलांडून समोरच्या लिंबाखाली, दर्यापूरकडे जाणाऱ्या जीपची वाट पाहत उभे राहिले. पाठ माझ्याकडे. बायकोला मोकळं सोडल्यावर माणसाने कुठे बघायचं, ते त्यांनाही ठाऊक नसावं. लांबून एक जीप येताना दिसली, भरलेली, मागे माणसं लटकलेली. ती थांबली असती तर ते तिच्यात लटकून गेले असते आणि घरी जाऊन पेपर उघडला असता.

मी गाडी बंद केली, रस्ता ओलांडला आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. सवयीप्रमाणे ते माझ्या डोळ्यांकडे पाहू लागले.

“पाहू नका, ऐका,” मी म्हणाले. “मला आईची आठवण येत नाही. तुम्ही घरात बोलत नाही, म्हणून मी रडते.”