इंजिन मुरायला ठेवलंय!

जाम झालेली वस्तू सोडवणं ही माझी खासियत! बरणीचं झाकण, कपाटाचा खण, खिडकीची कडी, काहीही आणा. हे मी माझ्या तोंडाने सांगू नये, पण दुसरं कुणी सांगतच नाही, मग काय करणार? म्हणूनच त्या दिवशी जेवताना सासूबाईंनी बॉम्ब टाकला, तेव्हा टेबलावर फक्त मी शांत होतो.

"रविवारी भंगारवाला येतोय," त्या म्हणाल्या. "शेडमधलं ते धूड घेऊन जाईल. मला तिथे कपडे वाळत घालायचेत."

धूड म्हणजे सासऱ्यांची गाडी. सासू-सासरे आणि मेहुणा खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही वर, आणि शेड मागच्या अंगणात. माझ्या बायकोला दवाखान्यातून जन्मल्यावर घरी आणलं ते त्याच गाडीतून. आता कित्येक वर्षं ती जागची हललेली नाही, चारही टायर बसलेत, तरी सासरे रोज सकाळी जाऊन तिच्या काचा पुसतात. सासूबाईंचं बोलणं ऐकून सासऱ्यांनी घास खाली ठेवला. मला खरंच फार वाईट वाटलं. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी बोललो.

"आई, गाडीला काही धाड भरलेली नाही! नुसतं इंजिन जाम असणार. मी सोडवतो."

"तुम्ही?" सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मी व्हिडिओ पाहिलेत."

"ठीक आहे. रविवारपर्यंत इंजिन फिरलं तर गाडी राहील. नाही फिरलं तर जाईल, आणि या घरात पुन्हा तो विषय निघणार नाही!"

सासरे माझ्याशी एरवी 'हं'च्या पुढे बोलत नाहीत. त्या दिवशी ते हात धुताना हळूच म्हणाले, "बघा बुवा, जमलं तर." झालं! मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो.

दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या पुढच्या टोकाला एक मोठा नट असतो. त्याला पाना लावून फिरवलं, की आतले पिस्टन वरखाली होतात. मी पाना लावला आणि जोर केला. काही नाही! आणखी जोर केला, तर आख्खी गाडी डुलली, पण नट ढिम्म. पाना सटकला, माझी बोटं रेडिएटरवर आपटली आणि मी असे काही शब्द बोललो की सासरे सौजन्याने दुसरीकडे बघायला लागले.

"पक्कं जाम आहे, बाबा," मी बोट चोखत म्हणालो. "पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटलेत."

उपाय सोपा होता. चारही प्लग काढायचे, त्या भोकांतून आत डिझेल आणि तेलाचं मिश्रण ओतायचं आणि ते मुरू द्यायचं. मुरलं की गंज सुटतो. मी ओतलं, हात झटकले आणि घरभर जाहीर केलं, "कुणी हात लावायचा नाही! इंजिन मुरायला ठेवलंय."

सकाळी पाहिलं तर तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं!

"असं कसं?" सासऱ्यांनी विचारलं.

आता तज्ज्ञ माणसाने 'माहीत नाही' म्हणायचं नसतं. "धातू घाम सोडतोय, बाबा," मी म्हणालो. "फार चांगलं लक्षण आहे."

सासऱ्यांनी मान डोलावली. पण का कोण जाणे, ते माझी नजर टाळत होते.

शेजारी एक दाताचे डॉक्टर राहतात. सुट्टीच्या दिवशी त्यांना चैन पडत नाही. ते कुंपणावरून डोकावले आणि पाचच मिनिटांत कपाळाला दिवा लावून, दांडीचा तो छोटा आरसा घेऊन हजर! एकेका भोकात आरसा घालून त्यांनी तपासणी केली.

"तिसऱ्यात कीड आहे," ते म्हणाले.

"गंज, डॉक्टर."

"तेच ते. मुळापर्यंत गेलीय. दुखत असेल हो बिचारीला!"

मी त्यांना चहा पाजून बोळवलं. संध्याकाळी तेल पुन्हा वाढलेलं होतं आणि इंजिनातून लवंगेचा वास येत होता. "गंज सुटताना असा वास येतो," मी घरच्यांना सांगितलं. पुढच्या दिवशी एका भोकातून बारीक फेस येत होता. "आतली हवा मोकळी होतेय!" त्यानंतर एका भोकातल्या तेलाचा रंग गोरा झाला. "शुद्ध होतंय!" माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं. फक्त इंजिन फिरत नव्हतं. मध्ये मी बायकोच्या हेअर ड्रायरने इंजिन शेकूनही पाहिलं. इंजिन गार राहिलं, ड्रायर जळाला आणि बायको तापली.

रविवार उजाडला. भंगारवाला पांढराशुभ्र सदरा घालून टेम्पो घेऊन आला. सासूबाईंनी आपला निकाल आधीच दिला होता, शेडच्या दारातच धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या. सासरे एका हातात फडकं घेऊन गाडीच्या काचा पुसत होते, पुसलेल्याच परत पुसत होते. माझं नाक कापलं गेलं असतं तर चाललं असतं हो, पण ती गाडी त्यांच्यासमोरून ओढत नेलेली मला बघवली नसती.

"शेवटचा प्रयत्न!" मी ओरडलो. पान्याला लांबलचक लोखंडी पाइप लावला. एका बाजूला मी, मागे मेहुणा, त्याच्या मागे दाताचे डॉक्टर.

"भावोजी, आख्खी गाडीच हलतेय!" मेहुणा म्हणाला.

"मग कुणीतरी आत बसून ब्रेक दाबा ना!" मी बायकोला हाक मारली. ती ड्रायरच्या दुःखातून सावरली नव्हती, पण वडिलांकडे बघून आत जाऊन बसली.

"ओढा!"

आम्ही ओढलं. काही नाही.

"उपटून काढू का डॉक्टर?" मेहुण्याने विचारलं.

"पुन्हा ओढा!"

आणि एकदम पाइप सुटला! म्हणजे फिरला! नट फिरला, इंजिन फिरलं, आम्ही तिघे एकमेकांवर पडलो आणि दोन भोकांतून दोन कारंजी थेट छपरापर्यंत उडाली! खाली आली ती आमच्या डोक्यावर. सासूबाई आणि भंगारवाला बाजूला उभे राहून पोट धरून हसत होते. सासऱ्यांना मात्र आनंद आवरेना. "फिरलं! फिरलं!" म्हणत त्यांनी स्वतः पाइप धरला आणि आणखी फिरवला. मग उरलेल्या दोन भोकांतूनही कारंजी उडाली. एक चादरींवर आणि एक पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर!

डॉक्टरांनी हवा हुंगली. "अहो, हे माझं लवंगतेल! मीच टाकल्या होत्या दोन बाटल्या. म्हटलं, ठणका तरी कमी होईल."

"मी कोला ओतला होता," मेहुणा म्हणाला. "कोल्याने गंज जातो, भावोजी!"

सासरे खाली बघत म्हणाले, "मी आपलं गुडघ्याचं तेल घातलं थोडं. सांधे ते सांधे."

मी सासूबाईंकडे पाहिलं. चादरींवर एक पांढरट, पातळ तेल ओघळत होतं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघताय? शिवणयंत्राचं तेल आहे ते. उरलं होतं, म्हणून ओतलं." मग सासऱ्यांकडे न बघता त्यांनी पुस्ती जोडली, "रोज काचा पुसतात ना ते. बघवत नाही."

सासऱ्यांनी भंगारवाल्याला चहा पाजला, स्वतःचा नवा शर्ट दिला आणि रिकाम्या टेम्पोसह निरोप दिला. माझ्या तेलकट खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास!" लग्नानंतर प्रथमच! माझे डोळे भरून आले. थोडं लवंगतेलही गेलं होतं डोळ्यांत. मागे डॉक्टर, मेहुणा आणि सासूबाई यांची नेमकं कुणाच्या औषधाने गुण आला यावर हमरीतुमरी सुरू होती.

तेवढ्यात बायकोने मला टॉवेल दिला आणि कोपऱ्यात ओढलं.

"अरे, एक सांगू? गाडी गिअरमध्ये होती."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिला गिअर पडलेला होता. इंजिन चाकांना अडकलेलं होतं, आणि चाकं गंजून घट्ट. मी आत बसल्यावर गिअर काढला, तेव्हा तुम्ही पडलात."

माझ्या पायांखालची जमीन सरकली. इंजिन कधी जामच नव्हतं! "अगं, मग आधी नाही का सांगायचंस?"

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं काचेतून. पण तू धातूला घाम आणत होतास. म्हटलं, असेल त्यातलं काही शास्त्र."

पलीकडे सासरे फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अरे, जाम इंजिन म्हणजे आमच्या जावयाच्या डाव्या हातचा मळ! तुझी पण पडून आहे ना? पुढच्या रविवारी येतोय तो!"

मी केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं.

"जाऊ या," ती म्हणाली. "फक्त या वेळी आधी मी आत बसते. तू मग बाहेर हवा तेवढा तज्ज्ञ हो."