इग्निस कुणी पळवला?

“शब्द मरो, पळो की दडो; माझ्या नजरेतून सुटत नाही,” असे शब्दकोशाच्या कचेरीतले भिंगसाहेब स्वतःविषयी सांगत. मागच्याच आठवड्यात टेबलाची किल्ली शोधण्यासाठी त्यांनी टेबलाचेच कुलूप फोडले होते. किल्ली आत निघाली. तीही त्यांनी यशस्वी तपासांत जमा धरली.

सहायिकेने हे बारा वर्षे सोसले होते. आज मात्र गोष्ट पोटावर आली होती. पाचच्या आत कोशाचे शेवटचे पान छापखान्यात पोचले नाही, तर काम दुसऱ्या कचेरीकडे जाणार होते आणि तिची नोकरी त्याच्याबरोबर. साडेचार झाले होते. पान एकाच नोंदीपाशी अडले होते : विस्तव.

लॅटिन आईच्या घरी विस्तवाला ‘इग्निस’ म्हणत. तिच्या लेकभाषांनी मात्र तो शब्द टाकला. इटालियन म्हणते ‘फुओको’, स्पॅनिश ‘फुएगो’, रोमेनियन ‘फोक’. हे सारे ‘फोकस’चे वंशज, आणि आईच्या घरी फोकस म्हणजे साधी चूल. मग इग्निस गेला कुठे?

“खून!” साहेबांनी भिंग उचलले. “विस्तवाला कोण मारतं? पाणी! त्याचा ‘आक्वा’ बघा, लेकींच्या घरी कसा सुखाने नांदतोय!”

“साहेब, पाण्याने शब्द विझत नाहीत.”

“मग अपहरण. उत्तरेकडून हल्लेखोर थंडीने कुडकुडत आले आणि विस्तव घेऊन गेले.”

“आणि चूल ठेवून गेले?”

“चुलीवर संशय नको, बाई. ती घरातली आहे. गुन्ह्याला वकूब लागतो.”

वकुबाविषयी कोणी बोलावे यालाही काही धरबंध असतो, असे मनात म्हणत सहायिकेने घड्याळाकडे पाहिले.

“साहेब, शेगडी बारीक करा हो!” चहाच्या मावशी मोरीतून ओरडल्या.

साहेबांनी शेगडी भिंगातून न्याहाळली. “लोखंडी आहे. बारीक कशी होणार?”

तोवर दूध उतू गेले.

“विझली ना शेगडी!” मावशी धावत आल्या.

सहायिकेची लेखणी थबकली. “मावशी, विझला तो विस्तव ना?”

“अगं, रांधताना विस्तव विस्तव कोण करत बसतं? चूल पेटव, शेगडी विझव, झालं! जिला दोन्ही वेळा रांधायचं असतं, तिला दोन शब्द कशाला हवेत?”

सहायिकेने ताडताड लिहिले : इग्निसला कोणी मारले नाही, रोज चूल चूल म्हणता म्हणता घरोघरी चूलच विस्तव झाली.

“पहिल्यापासून माझा चुलीवरच संशय होता!” साहेब गरजले.

“संशय राहू द्या, आधी शेगडी पुसा,” म्हणत मावशींनी त्यांच्या खांद्यावर फडके टाकले.

पाचाला दहा कमी असताना पान छापखान्यात पोचले. पोच घेऊन सहायिका परतली, तेव्हा भिंगसाहेब शेगडीपाशी ओणवे होऊन भिंगातून काहीतरी शोधत होते.

“फडकं,” ते गंभीरपणे म्हणाले. “कोणीतरी पळवलंय.”