समारोपाला टाका

मांडी घालून बसा, मुलांनो, आणि मागच्यांनी चिमटे काढणं थांबवा. एका जंगलात एक शाळा होती. शाळेत फळा होता, घंटा होती आणि वरून आलेली परिपत्रकं होती.

त्या वर्षी परिपत्रक आलं, की माणसाची पचनसंस्था कला आणि विज्ञान यांचा मनोहारी संगम करून शिकवावी. जंगलातल्या पिल्लांनी माणसाचं पोट कशाला शिकायचं, असं विचारू नका. अभ्यासक्रम नेहमी दुसऱ्याच्याच पोटाचा असतो.

विज्ञान शिकवायच्या साळूबाई. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे आणि बोलणंही तसंच. कला शिकवायचे शिंपीसर, म्हणजे पानं शिवून घरटं करणारा तो इवलासा शिंपी पक्षी.

दोघांनी मिळून कापडाचं पोट करायचं ठरवलं. साळूबाईंनी मापं दिली, शिंपीसरांनी शिवलं. तोंड, अन्ननलिका, जठर, मग वेटोळं घातलेलं आतडं, असा लांबलचक बोगदा तयार झाला. पिल्लांनी घास व्हायचं, तोंडातून शिरायचं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर यायचं. पिल्लं जाम खूश झाली. खरं सांगतो, कल्पना मलाही आवडली होती.

आदल्या दिवशी मुख्याध्यापक करकोचेसर तालीम पाहायला आले. बोगद्याच्या शेवटापाशी ते एका पायावर थबकले.

"बाई, हे भोक कसलं?"

"गुदद्वार, सर."

"हळू बोला! उद्या शिक्षणाधिकारी येणार आहेत. सहकुटुंब."

"मग काय झालं? त्यांनाही असेलच की, सर."

करकोचेसरांची मान लाल झाली. "शिवून टाका ते. आणि वर रेशमाने 'समारोप' असं भरा. कसं छान दिसेल!"

"पण मग पोरं बाहेर कुठून येणार?"

"आली तशी तोंडातून परत येतील."

"सर, त्याला उलटी म्हणतात."

"आपण पुनरागमन म्हणू."

शिंपीसर भले गृहस्थ. शिवायला सांगितलं की ते कारण विचारत नाहीत. त्यांनी दुहेरी दोऱ्याने टाके घातले आणि भोवती वेलबुट्टी काढली. साळूबाई संध्याकाळपर्यंत भांडल्या. शेवटी त्यांना सांगण्यात आलं, की उद्या तुम्ही फक्त प्रेक्षकांत बसा.

दुसऱ्या दिवशी शिक्षणाधिकारी रानडुकरसाहेब आले. थेट चिखलातून उठून आले होते, पण नाकाला अत्तराचा रुमाल होता.

कार्यक्रम सुरू झाला. पहिली शिरली टिकली, सशाची पोर, भाकरीच्या वेषात. तिच्यामागे पिठलं, कांदा, ठेचा, असे एकूण बावीस घास. जठर मस्त हललं. टाळ्या पडल्या. आतडं फुगलं. आणखी टाळ्या पडल्या.

"किती जिवंत!" रानडुकरसाहेब म्हणाले.

जिवंत होतंच ते. आत पोरं होती! पुढच्यांना वाट नव्हती आणि मागच्यांना ते माहीत नव्हतं. मागचे ढकलत राहिले, कारण तालमीत तसंच शिकवलं होतं. 'समारोप' ताणला जाऊ लागला. आतून बारीक आवाज आला, "आई, गुदमरतंय गं!"

टिकलीची आई ताडकन उठली. "अहो सर, माझी टिकली आत रडतेय!"

"बसा ताई," करकोचेसर कुजबुजले. "ते पार्श्वसंगीत आहे."

मग साळूबाई उठल्या. त्यांनी कुणाची परवानगी घेतली नाही. काटे फुलवले आणि 'समारोपा'वर पाठ घासली. टर्रकन कापड फाटलं. बावीसच्या बावीस घास धडाधड बाहेर पडले, ते थेट रानडुकरसाहेबांच्या मांडीवर.

टिकली सगळ्यांच्या खाली सापडली होती. ओठ निळे पडले होते. आईने तिला उचललं, पाठ चोळली, पुन्हा चोळली, आणि पोरीने मोठ्ठं भोकाड पसरलं. मुलांनो, इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलेलं नाही.

रानडुकरसाहेब रुमाल सावरत उठले.

"शी! भर सभेत! आणि तेही माझ्या मांडीवर!"

चौकशी समिती बसली. पचन उत्तम झाले, परंतु बाहेर येणे अशोभनीय होते, असा अहवाल आला. 'टाका का उसवला?' याचा खुलासा साळूबाईंकडून लेखी मागवला. त्यांनी 'पोरं आत होती' एवढंच लिहिलं. खुलासा असमाधानकारक ठरला आणि त्यांची बदली ओढ्यापलीकडच्या शाळेत झाली. शिंपीसरांना भरतकामाबद्दल शाल मिळाली. ती घेताना त्यांची मान खाली होती, हेही सांगायला हवं.

वार्षिक परीक्षेत प्रश्न आला, 'न पचलेल्या अन्नाचे पुढे काय होते?' एक सोडून सगळ्या पिल्लांनी लिहिलं, 'टाळ्या वाजतात.' त्या सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले. टिकलीने लिहिलं, 'साळूबाई बाहेर काढतात.' तिला भोपळा मिळाला. तिच्या आईने तो पेपर बिळाच्या भिंतीवर, आल्यागेल्याला दिसेल असा लावला.

तात्पर्य, नीट वहीत उतरवून घ्या: आत पोरं गुदमरली तरी चालेल, पण पाहुण्यांसमोर टाका उसवू नये.