भिवाजीच्या भिंतीवरची पाच थोर माणसं

मुलीकडचे घर बघायला येणार, म्हणून भिवाजीने भिंतीवर पाच चित्रं टांगली. एवढंच त्याने केलं. (चित्रं दुसऱ्याची होती, पण पाहुण्यांना कशाला सांगा?)

टांगली नसती तर पोपडे दिसले असते. कोलशेतच्या खाडीची हवा रंग टिकू देत नाही, आणि याआधीची दोन स्थळं ती भिंत बघून अर्धा चहा टाकून उठली होती.

भिवाजीचं ठाण्यात फ्रेमिंगचं दुकान होतं. टेंभी नाक्याच्या रिबेकाने आपल्या यहुदी समाजातल्या मोठ्या माणसांची चित्रं छापून फ्रेमला दिली होती. तिच्या कॉलेजात याला ‘पॉप आर्ट’ म्हणत. जांभळ्या केसांचे आइन्स्टाइन, पोपटी मिशांचे हाफकिन, गुलाबी नटी सारा बर्नहार्ट, इस्रायलच्या निळ्या पंतप्रधान गोल्डा मेयर. सातवीत शाळा सुटलेल्या भिवाजीने एकेकाची माहिती विचारून फ्रेममागे पेन्सिलने लिहून ठेवली होती. पाचव्याचं नाव सांगायला रिबेका विसरली आणि पुन्हा विचारायला हा लाजला. हिरवा चेहरा, केशरी दाढी, अर्धवट मिटलेले डोळे. नक्कीच कोणी तत्त्वज्ञ!

“ही माणसं असतात कुठं रे?” आईने, दगडाबाईने, विचारलं.

“वारली गं सगळी,” म्हणत भिवाजी फरसाण आणायला गेला.

परत येतो तर पाचही जणांच्या गळ्यात चंदनाचे हार! (दुकानातलेच. गेलेल्या माणसाच्या फोटोवर भिवाजी एक हार फुकट देत असे.)

“आई, हे काय केलंस?”

“मग? गेलेल्या माणसांना असं बोडकं ठेवतात?”

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. स्थळ मावशीने आणलेलं, त्यामुळे मुलीच्या आईबापांना मायलेकांनी पाहिलेलं नव्हतं. पुढे मनुबाई, मागे तिचा नवरा दामाजी. मनुबाईने भिंतीकडे पाहिलं आणि मंगळसूत्र मुठीत धरून किंचाळली, “अगो बाय! अवो, तुमाला हार घातलाय!”

दामाजीने चष्मा लावला. खालची दाढी वरच्या दाढीकडे बघत राहिली.

“ह्यो तं मीच हाय,” तो म्हणाला.

मनुबाई रिबेकाच्या घरी मासे द्यायची. यहुद्यांना धर्माप्रमाणे खवल्यांचाच मासा चालतो. ती खवले काढेपर्यंत दामाजी बर्फाची पेटी घेऊन पायरीवर बसायचा. दामाजी म्हणाला, “ती पोरगी समोर कागद घेऊन बसायची. मला वाटलं, अभ्यास करते!”

“पण हा तर म्हणाला, सगळे वारले,” दगडाबाई बोलून गेली.

“कोण वारलं?” मनुबाई उसळली. “चला ओ घरी! जित्या माणसाला हार घालतात, तिथं पोर द्यायची?”

भिवाजी स्टुलावर चढला आणि दामाजीचा हार उतरवला. तिसरं स्थळही चाललं! दामाजी मात्र जागचा हलला नाही.

“शेजारी कोण रे हे?”

“हाफकिनसाहेब. मुंबईत प्लेगची लस यांनी काढली.”

“आमच्या आज्याला टोचलेली, ती?”

“तीच असेल.” भिवाजी बोलू लागला. एरवी दोन वाक्यांत घाम फुटणारा भिवाजी आज एकेकाबद्दल भडाभडा सांगत सुटला.

“आणि मी कोण वाटलो तुला?”

“तत्त्वज्ञ... म्हणजे, लय विचार करणारा माणूस.”

दामाजी बायकोकडे वळला. “ऐकलंस? तीस वर्षांत तू कधी बोललीस असं?”

“विचार कसला! पायरीवर घोरत असता तुम्ही!” मनुबाई म्हणाली, पण हसली आणि बसली.

चहा अगदी तळापर्यंत संपला. “पोरगी दिली,” दामाजीने जाहीर केलं. जाता जाता पुन्हा स्वतःसमोर उभा राहिला, फ्रेमवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला,

“पण जावयबापू, हार काढायला नको होता.”

“का हो?”

“फ्रेमचा कोपरा जुळला नाय, हारानं झाकला होता. माझी करंगळी जाते आत.”