राणीचा सदका

आमच्या शेजारचे युसूफचाचा स्वतः लिहीत असलेल्या कादंबरीतल्या कोणालाही मारण्यापूर्वी सदका देतात. संकट टळावे म्हणून गरिबाला द्यायचे ते दान. पहारेकरी मरणार असेल तर अंडी, सेनापती असेल तर काळी कोंबडी. कादंबरीच्या दुसऱ्या खंडातल्या महायुद्धात अख्खे सैन्य कापले जायचे होते. ते ऐन वेळी शरण आले. कारण विचारले तेव्हा चाचा म्हणाले, "एवढ्या कोंबड्या आनू कुठून, बेटा?"

नगरमध्ये त्यांचे चष्म्याचे दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर भिंग बसवता बसवता ते त्याचा चेहरा कथेसाठी उचलतात आणि समोरचे वकील अग्निसर्पाचे दिवाण होतात. "मानूस खरा असल्याबिगर राक्षस खरा वाटत न्हाई," हे त्यांचे तत्त्व. आणि पुस्तकात मेलेला बाहेरही मरतो, ही त्यांची भीती. पहिल्या खंडात बुडालेला नावाडी कोपऱ्यावरच्या पानवाल्यावरून घेतला होता. पुस्तक आले आणि पानवाला गेला. त्याचे हृदय आधीच दुबळे होते, एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, असे मी समजावले. "बरोबर हाय तुझं," म्हणाले, आणि अंडी आणायला गेले.

मी सुप्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. चाचांच्या कथेत मी विषे पारखणारी रसायनी आहे. एका सकाळी बसथांब्यावर भिकाऱ्याला अंडी देताना त्यांनी मला पाहिले आणि नजर वळवली. त्या दिवशी मी आम्लाची प्रत्येक बाटली दोन्ही हातांनी धरली. संध्याकाळी कळले, कथेत मरणारा राजवाड्याच्या कोठारावरचा एक नोकर होता. मला झालेला आनंद कोणत्याही सिद्धांतात बसत नव्हता.

यंदा तिसरा आणि शेवटचा खंड अडला. पुण्याच्या प्रकाशकांनी निक्षून सांगितले: शेवटी राणी मेलीच पाहिजे, नाहीतर छापणार नाही. राणी म्हणजे शमीमचाची, चाचांची पत्नी. आणि चाचींच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासणीला गेला होता. अहवाल यायचा होता.

चाचांनी दुकानातल्या मेजावर हस्तलिखित माझ्यापुढे सरकवले. "तुझा विश्वास न्हाई ना असल्यावर? मग तेवढं मरन तू लिव."

तर्क बिनतोड होता. मी पेन उघडले. 'राणीने डोळे' एवढे लिहिले आणि थांबले. शाईचा पेशींवर परिणाम होत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही 'मिटले' हा शब्द कागदावर उतरेना.

तेवढ्यात चाची चहा घेऊन आल्या. माझ्या खांद्यावरून त्यांनी वाचले.

"लिव की गं, भितीस काय? राणी कोन ते मला पहिल्यापासनं ठावं हाय. दुसरं कोन एवढं भांडतंय? मरू दे, ह्यांचं पुस्तक तरी निघंल." मग चाचांकडे वळून, "माझ्यासाठी काय दिलं वो? कोंबडी का नुसती अंडीच?"

चाचांनी माझ्या हाताखालचा कागद काढून घेतला. "पुस्तक दिलं," ते म्हणाले.

 चाचींनी कप उचलला. चहा बशीत हिंदकळला.  चाचांनी कप त्यांच्याकडून घेतला, त्यांचा हात मात्र सोडला नाही.