सजविलेल्या कापडाची हकीकत

॥ श्रीवनदेवता समर्थ ॥ शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सर, फाल्गुन मास. ते समयी एका राज्यी फिरंगी वकील आला आणि त्याने लाल गळ्याचे थोर पक्षी नजर केले, आणि त्यांचे नाव फिरंगी भाषेत पेरू ऐसे कळविले. मग दरबारी फळ समजोन हुकूम सुटला की पेरू बागेत लावावे, आणि माळ्याने टोपली उघडिली तो पक्षी उडोन रानात गेले. रानात वंश वाढला, आणि महाराजांचे मनी आले की पुढील खेपेस वकिलासमक्ष पेरूची शिकार करावी.

शिकारखान्याचे दरोगे सुभानजी. त्यांणी ध्यानी घेतले की पक्ष्याची पिसे जाड, अंगावरचा छर्रा फुकट, मान आणि डोके यांवर दाट बसेल तरच पक्षी पडेल. मग कापडावर कोळशाने मान रेखाटिली आणि नाना तऱ्हेचे बार टाकोन पाहिले. बारीक छर्रा, बेताची दारू, वर नमद्याचा, म्हणजे दाबल्या लोकरीचा, डाट, ऐसा बार मानेभोवती मुठीत धरल्यासारखा बसला, आणि सुभानजी खूष होवोन सांगावयास गेले. महाराज बोलिले, "राईएवढा छर्रा? आम्ही काय फोडणी घालणार?" मग छर्रा हरभऱ्याएवढा जाहला आणि दारू दुप्पट जाहली, आणि महाराजांनी खासा बार काढिला तो कापडावरील मान कोरी, छर्रा उजवीकडे दूरवर पांगलेला.

आता राज्याची रीत ऐसी की महाराजांचे कापडावर चूक दिसो नये. दरोग्याने दाभणाने मानेवर छिद्रे पाडावी आणि बाजूची रफू करावी, यास कापड सजविणे म्हणत. सुभानजींनी आजवर पुष्कळ सजविली होती, हेही सजविले, आणि मनास फार लागले नाही.

मग मसलत बैसली. पक्ष्यास मादीचा आवाज काढोन बोलाविणारा खेमा, सुभानजींचे बायकोचा सख्खा भाऊ. त्यास कोठे बसवावे? कारभारी रघोपंत कापड उंच धरोन बोलिले, "पाहा, एक छर्रा बाहेर नाही! खेमास पक्ष्याचे वाटेलगत उजवीचे झुडपात बसवा, म्हणजे पक्षी नीट समोर येईल." सुभानजींनी कापडाचे उजवे बाजूचे रफूकडे पाहिले. बोलावे तर महाराजांचा नेम उघडा पडे आणि दरोगेपण जाई. खेमा त्यांजकडे पाहत होता. त्याने विचारिले, "दाजी, बसू का तितं?" आणि सुभानजींनी मान डोलाविली.

पहाटे खेमाने साद घातली, आणि पेरू पिसारा फुलवोन डौलात आला, आणि महाराजांनी बार काढिला. पक्षी उडोन गेला. झुडपातून ओरड उठली, आणि सुभानजी सर्वांआधी धावले, तो खेमा दोन्ही हातांनी तोंड धरोन बसलेला. वकिलास सांगितले की पक्षी घायाळ होवोन दरीत पडला, आणि तोफा जाहल्या, आणि साखर वाटिली.

खेमाचे डोळे गेले. सुभानजी त्याचे घरी गेले ते सर्व सांगोन टाकावे ऐसा निश्चय करोन. पायरीशी सुभानजींची बायको भावासाठी रडत होती, तिजकडे पाहवेना. खेमाने पावलांवरोन ओळखिले आणि हात पुढे केला.

"दाजी, तुमी जिवाला लावून घिऊ नगा. तुमी कापड बगितलं व्हतं, म्हून म्या बिनघोर बसलो. माझीच मान वर झाली आसंल."

सुभानजींनी तो हात धरिला. वर्षे गेली, कापड सजविल्याची गोष्ट सांगितली नाही. कोणी पुसे, खेमाचे डोळे कशाने गेले, तर खेमाच उत्तर देई, "माझी चूक," आणि सुभानजी शेजारी बसोन ऐकत.

येणेप्रमाणे वर्तमान. महाराज शिकारीत यशवंत जाहले ऐसे दप्तरी आहे. खेमा वारला तो दाजींस दुवा देत वारला, आणि सुभानजींस त्याहून थोर शिक्षा कोणी दिली नाही. इति.